पहिल्या बर्फाचा यजमान

मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात कॅव्हिआर मागवले, की ते बर्फाच्या चुऱ्यात रोवलेल्या लहानशा भांड्यातून येते. कॅव्हिआर म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली गाबोळी. कास्पियन समुद्रातील बेलुगा, ओसेत्रा आणि सेव्रुगा ही तिची तीन नामवंत घराणी. बेलुगाची मादी अंडी धरण्याच्या वयात यायला पंधरा-वीस वर्षे लागतात. दुर्मीळ अल्बिनो बेलुगाच्या फिकट सोनेरी गाबोळीला अल्मास, म्हणजे हिरा, असे नाव मिळाले आणि सोन्याच्या डबीतून ती विकली जाऊ लागली तेव्हा तिचा दर किलोमागे वीस हजार पौंडांच्या घरात गेला होता. बेसुमार मासेमारीमुळे स्टर्जनच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९८ पासून निर्बंध आले. गिरगावात किंवा लालबागच्या बाजारात कोळणीकडून गाबोळी घेऊन ती तव्यावर परतणाऱ्या मुंबईकराला या किमतीचा अचंबाच वाटेल.

या सगळ्या थाटात एका वस्तूची किंमत मात्र कोणी विचारत नाही. ती म्हणजे भांड्याखालचा बर्फ. परंतु १८३४ साली याच मुंबईत नेमकी उलट स्थिती होती. तेव्हा बर्फ हाच मेजवानीचा मुकुटमणी होता आणि तो पाहुण्यांपुढे ठेवण्याचा पहिला मान ज्या यजमानाकडे जातो, त्यांचे नाव जमशेटजी जीजीभॉय.

बर्फ येई तो अमेरिकेतील बोस्टनहून. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठणारे पाणी कापून उष्ण देशांत विकण्याचा उद्योग मांडला होता. बर्फाच्या चौकोनी लाद्या लाकडाच्या भुश्शात रचून जहाजाच्या तळाशी भरायच्या, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर जे उरेल ते विकायचे, असा तो व्यवहार. १८३३ मध्ये टस्कनी या जहाजातून कलकत्त्यासाठी १८० टन बर्फ निघाला, त्यातला सुमारे १०० टन पोहोचला. पुढच्याच वर्षी चाळीसेक टनांचा पहिला साठा मुंबईला आला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने तो मागवला होता आणि पौंडाला चार आणे दराने तो विकला गेला. सुरईतले पाणी किंवा सोऱ्याच्या द्रावणात बुडवून गार केलेली बाटली, याहून अधिक गारवा ज्या शहराला ठाऊक नव्हता, तिथे ही अपूर्वाईच होती. जमशेटजींनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले. त्यानंतर यजमान आणि पाहुणे यांना चांगलीच सर्दी झाली आणि मुंबई समाचाराने त्याबद्दल त्यांना चार खोचक शब्दही ऐकवले, अशी नोंद आहे.

आइस्क्रीमने पडसे झालेला हा गृहस्थ त्या वेळी पन्नाशी ओलांडलेला होता. मुंबईतील अत्यंत श्रीमंत व्यापाऱ्यांत त्यांची गणना होत होती. मात्र त्यांचे बालपण अशा चोचल्यांपासून फार दूर गेले होते.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी झाला. वडील मेरवानजी आणि आई जीवीबाई. घराणे नवसारीकडचे, कापडाच्या धंद्यातले आणि परिस्थितीने बेताचे. १७९९ मध्ये आई आणि वडील दोघेही निवर्तले आणि सोळा वर्षांचा मुलगा पोरका झाला. मुंबईत मामा फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांचा रिकाम्या बाटल्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा होता. जमशेटजी त्यांच्या हाताखाली राहिले. रीतसर शालेय शिक्षण नाही. इंग्रजी आणि हिशेब जे काही आले ते दुकानात आणि गोदीत वावरताना. बाटल्यांच्या या व्यवसायामुळे बाटलीवाला हे नाव त्यांनाही चिकटले. १८०३ मध्ये मामांची मुलगी आवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी मुंबईच्या तरुण व्यापाऱ्याला नशीब काढायचे असेल, तर चीनचा रस्ता धरावा लागे. जमशेटजी पोरवयातच एका पारशी व्यापाऱ्याबरोबर कँटनला गेले आणि १८०७ पर्यंत त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. जाताना कापूस न्यायचा, येताना चिनी माल आणायचा, असा तो व्यापार. समुद्रावर वादळाचे भय होतेच. त्यात इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या युद्धामुळे फ्रेंच लढाऊ जहाजांचे भय वाढले होते. १८०५ मध्ये ते ब्रन्सविक या जहाजातून चीनकडे निघाले असता सिलोनजवळ फ्रेंच नौदलाने हे जहाज पकडले. मालावर पाणी सोडावे लागले आणि प्रवाशांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, तेव्हा डचांच्या ताब्यात असलेल्या केप वसाहतीत नेण्यात आले. जवळ पैसा नाही, अंगावरच्या कपड्यांपलीकडे सामान नाही, अशा अवस्थेत काही महिने काढल्यावर एका डॅनिश जहाजातून ते कलकत्त्यास आणि तेथून मुंबईस परतले.

या आपत्तीतून त्यांच्या पदरात एक गोष्ट मात्र पडली. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश शल्यवैद्य होता. दोघांच्या ओळखीचे रूपांतर पुढे अशा व्यापारी संबंधांत झाले, की त्याने दोघांचेही भाग्य पालटले. जार्डिनने वैद्यकी सोडली, व्यापारात उडी घेतली आणि १८३२ मध्ये जेम्स मॅथेसनच्या भागीदारीत जार्डिन मॅथेसन ही कँटनमधील बलाढ्य पेढी उभारली. मुंबईहून तिला माल पुरवणाऱ्यांत जमशेटजी अग्रभागी होते.

पाचव्या सफरीनंतर जमशेटजी मुंबईत स्थिरावले. त्यांनी जोडलेल्या भागीदारांची नावे या शहराच्या घडणीविषयी पुष्कळ सांगून जातात. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि मिगेल दि लिमा इ सौझा हे गोव्याकडचे ख्रिस्ती. देशांतर्गत मालाची आवक, जहाजे आणि पोर्तुगीज बंदरांतील ओळखी अशी ज्याची त्याची शक्ती एकत्र आली आणि पारशी चालकाची ही चौधर्मी आघाडी पश्चिम किनाऱ्यावर दबदबा निर्माण करून राहिली. १८१४ मध्ये जमशेटजींनी गुड सक्सेस हे जहाज घेतले आणि पुढे स्वतःच्या जहाजांचा ताफाच उभा केला. चाळिशीपर्यंत त्यांची मालमत्ता दोन कोटी रुपयांवर गेल्याचे सांगितले जाई.

ही संपत्ती कापसाची होती, तशीच ती अफूचीही होती. किंबहुना तिचा मोठा भाग अफूचाच होता. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता आणि त्याच्या मोबदल्यात चांदी मोजावी लागत होती. चीनला अफूची चटक लागल्यावर चांदीचा हा ओघ उलट फिरला. बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीत होती. माळव्याची अफू मात्र देशी व्यापाऱ्यांच्या हातून पश्चिम किनाऱ्यावर येई. तिच्या पेट्या मुंबईच्या गोदीत जहाजांवर चढत आणि चीनच्या किनाऱ्यावर, तिथल्या बादशहाची बंदी डावलून, उतरत. त्या काळच्या मुंबईत या धंद्याला कोणी कमीपणाचा मानत नसे. कंपनी सरकारच त्यातला मोठा वाटेकरी होते. तरीही त्या पेट्यांतून गेलेल्या विषाने चीनमधील असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली, ही वस्तुस्थिती जमशेटजींच्या चरित्रातून वगळता येत नाही.

मुंबईतला गरीब माणूस जमशेटजींना ओळखत होता तो वेगळ्याच कारणाने. १८२२ मध्ये त्यांनी दिवाणी तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब ऋणकोंची देणी स्वतः फेडून त्यांची सुटका केली. १८३८ च्या सुमाराची एक हकिकत गिरगावात आजही सांगितली जाते. सरकारने किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या जागेत गुरे चारण्यावर पट्टी बसवली. गवळ्यांना आणि गुरे बाळगणाऱ्या लहान माणसांना ती परवडेना. तेव्हा जमशेटजींनी वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वाराजवळची गवताळ जमीन घेतली आणि गुरांना फुकट चरण्यासाठी मोकळी ठेवली. या चरणीवरून चर्नी रोड हे नाव पडले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ठाण्याजवळच्या चेंदणी गावातून येऊन इथे वसलेल्या लोकांमुळे हे नाव आले, असेही मत मांडले गेले आहे. व्युत्पत्ती कोणतीही खरी असो, लोकांनी त्या नावाला जमशेटजींची आठवण जोडून ठेवली.

मेजवानीत बर्फ आला, त्याच १८३४ मध्ये जमशेटजींची जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमणूक झाली. हा मान मिळालेल्या पहिल्या काही हिंदी लोकांत ते होते. व्यापाऱ्याचे आता नागरिकांच्या पुढाऱ्यात रूपांतर होऊ लागले होते. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या कारकिर्दीत देशी लोकांना पाश्चात्य वैद्यक शिकवण्याची योजना पुढे आली. तिला जोडून रुग्णालय हवे होते. १८३८ मध्ये जमशेटजींनी एक लाख रुपये देऊ केले. अट एकच, की कंपनी सरकारनेही तितकेच द्यावेत. निर्णयाला वेळ लागला. ३ जानेवारी १८४३ रोजी भायखळ्यास कोनशिला बसली आणि मे १८४५ मध्ये सर जे. जे. रुग्णालय सुरू झाले. शेजारीच ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. जातिधर्म न पाहता गरिबाला तिथे उपचार मिळू लागले. परळ, लालबाग आणि गिरणगावच्या कामगारवस्तीतील पिढ्यान्‌पिढ्यांना जे. जे. हा पुढे मोठाच आधार ठरला.

याच वर्षी शहराला आणखी एक देणगी मिळाली आणि तिचे श्रेय आवाबाईंचे आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती आणि लोक होड्यांतून ये-जा करीत. पावसाळ्यात हा प्रवास जिवावर बेते. १८४१ मध्ये वादळी वाऱ्यात अनेक होड्या उलटून माणसे बुडाली. रस्ता बांधण्याची मागणी झाली तेव्हा सरकारने पैसा नसल्याचे सांगितले. आवाबाईंनी आपल्या पैशातून आधी एक लाख आणि काम वाढल्यावर आणखी सत्तावन्न हजार रुपये दिले. त्यांची अट अशी, की या रस्त्यावर कधीही जकात घेऊ नये. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. दादरहून माहीमकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लेडी जमशेटजी मार्ग हे नाव मिळाले ते त्यांच्या स्मरणार्थ. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या लाखोंना त्या मार्गामागची बाई ठाऊक नसते, पण पुढे खाडी ओलांडताना नाव उलटण्याची भीतीही नसते.

पुण्यालाही त्यांच्या पैशाचा स्पर्श झाला. मुळा-मुठेवर येरवड्याजवळ १८५० मध्ये जे धरण पूर्ण झाले, त्याच्या खर्चाचा मोठा वाटा जमशेटजींनी उचलला होता. पुण्याचा बंड गार्डन हा भाग याच बंधाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. १८४९ मध्ये पारशी समाजातील गरीब मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी मोठा निधी उभारला. बेलासिस रस्त्यावरील धर्मशाळेने वृद्ध आणि निराधारांना निवारा दिला. त्यांच्या एकूण दानाचा आकडा पंचवीस लाख रुपयांच्या आसपास सांगितला जातो. त्या काळच्या चलनात ही रक्कम अफाट होती.

त्यांच्या आयुष्यातील सर्वात मोठा सन्मान आणि सर्वात अवघड प्रश्न १८४२ या एकाच वर्षात समोरासमोर येतात. तीन वर्षांपूर्वी चीनचा आयुक्त लिन झेशू याने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली होती. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. इंग्लंडने युद्ध पुकारले. भरपाईसाठी मुंबईचे व्यापारी लंडनकडे डोळे लावून बसले. काहींचे दिवाळे वाजले. जमशेटजी हा धक्का पचवू शकले. १८४२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांना नाइट हा किताब दिला. तो मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये पराभूत चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली आणि हाँगकाँग इंग्रजांच्या हाती गेले. मुंबईच्या गरिबांसाठी रुग्णालय बांधणारा पैसा आणि चीनच्या किनाऱ्यावर तोफा घेऊन गेलेला व्यापार, यांचा उगम एकच होता. जमशेटजींच्या मनात या विसंगतीने घर केले होते का, हे कळण्याचा मार्ग नाही. त्यांच्या दानशूरतेचा गौरव करताना हा हिशेब झाकणे योग्य नाही, आणि केवळ या हिशेबाकडे बोट दाखवून त्यांचे दान नाकारणेही योग्य नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे लक्ष व्यापारापेक्षा शहराकडे अधिक होते. नाना शंकरशेट यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेच्या योजनेत पुढाकार घेतला आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था स्थापन झाली, तेव्हा नाना तिचे अध्यक्ष आणि जमशेटजी मानद अध्यक्ष झाले. १८५७ च्या मार्चमध्ये त्यांच्या एक लाखाच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. आज सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून ती ओळखली जाते. धुरंधर, हळदणकर यांच्यासारखे चित्रकार तिच्यातून घडले. त्याच वर्षी जमशेटजींना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. हा मानही प्रथमच हिंदी माणसाकडे आला. १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी झालेल्या कायद्याने त्यांच्या किताबाचा वारस होणाऱ्या प्रत्येकाने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करावे, असे ठरले. बाटल्यांच्या दुकानातून निघालेले नाव असे कायद्याने चिरंतन झाले.

आणि तो बर्फ? पहिल्या साठ्यानंतर त्याची चटक मुंबईला लागली ती लागलीच. १८४३ मध्ये वर्गणी काढून गोदीजवळ घुमटाकार छपराचे बर्फघर बांधण्यात आले. बोस्टनहून बर्फाबरोबर सफरचंदेही येऊ लागली आणि सुखवस्तू घरांत पेल्यातला बर्फ हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. जहाज लांबले की बर्फ संपे आणि साऱ्यांना पुन्हा सुरईकडे वळावे लागे. पुढे इथेच यंत्रावर बर्फ तयार होऊ लागला आणि अमेरिकेची जहाजे थांबली. बर्फघराच्या जागी आज के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटची इमारत आहे. बर्फाच्या त्या ऐश्वर्याची दुसरी खूण तिथे उरलेली नाही.

चैनीच्या वस्तूंचे असेच असते. एकोणिसाव्या शतकात ज्या अमेरिकी किनाऱ्यावरून बर्फ सोन्यासारखा जपून मुंबईला पाठवला जात होता, तिथल्या नद्या स्टर्जनने भरलेल्या होत्या आणि पुढे तिथल्या दारूच्या गुत्त्यांत कॅव्हिआर बिअरबरोबर फुकट मिळे. मासा संपत आला तशी गाबोळी महागली. यंत्र आले तसा बर्फ स्वस्त झाला. आज ससून डॉकवर आणि भाऊच्या धक्क्यावर मासळीवर तो पाट्यांनी ओतला जातो, आणि लालबाग-परळच्या नाक्यावर पोरे गोळा चोखत उभी असतात. त्यांना सर्दी झाली तर कोणतेही वर्तमानपत्र त्याची बातमी छापत नाही.

जमशेटजींच्या मेजवानीतले आइस्क्रीम घटकाभरात वितळले. त्यांनी गवत, पाणी, रस्ता आणि औषध यांवर जो पैसा घातला, तो मात्र टिकला. या वस्तूंना चैन म्हणून कोणी कधी मोजले नाही आणि त्यांची गरजही कधी संपली नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने चर्नी रोड स्थानकाला गिरगाव हे नाव देण्यास मंजुरी दिली. फलकावरून ती चरणी उद्या कदाचित पुसली जाईल. परंतु भायखळ्याच्या रुग्णालयाच्या दाराशी केसपेपर काढण्यासाठी पहाटेपासून लागणारी रांग आणि माहीमच्या खाडीवरून जकात न भरता धावणारी वाहने, ही त्या बाटलीवाल्याच्या घराण्याची आठवण रोज नव्याने जागी ठेवतात.